आईची प्रार्थना हिंदीत सांगताना

हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे आईला स्वतः वाचता येईल. माझं लेखी मराठी कच्चं आहे. शाळा हिंदीतली, मैत्रिणी हिंदीतल्या. मराठी वाचायला शिकले ती आईच्या गायनांच्या वहीवरून आणि मामाच्या पत्रांवरून. घरीसुद्धा आई मराठीत विचारते आणि मी बरेचदा हिंदीत उत्तर देते. पण हिंदीत लिहिलं तर आईला ते कुणीतरी समजावून सांगावं लागेल, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच असणार. तेवढं आता नको वाटतं.

बाबा नगर जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेत माळी होते. तिथे येणारे एक मराठी शास्त्रज्ञ बदली होऊन लखनौच्या संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी बाबांना इकडे बोलावून घेतलं. मी तेव्हा चार वर्षांची होते. विकास नगरमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि हळूहळू तेच घर झालं. गावाकडे आमच्या चर्चची मंडळी मोठी होती. उपासना, गायनं, सगळं मराठीत. इथे चर्चमध्ये मराठी असे आम्ही तिघंच.

आईला बाजाराची हिंदी येत होती. भाजीवाल्या भैयाशी ती जोरात भाव करायची, दूधवाल्याला पाण्यावरून झापायची. प्रार्थना मात्र मराठीतच. "भेंडीवरून भांडते त्या बोलीत देवाशी कशी बोलू?" असं ती म्हणायची. चर्चमधली हिंदी, ती अनुग्रह आणि सम्मुख आणि महिमावाली, तिच्या डोक्यावरून जायची.

दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या भागातली आठ-दहा कुटुंबं आळीपाळीने एकेकाच्या घरी प्रार्थनेला जमायची. एखादं गीत, बायबलमधला एक शास्त्रपाठ, मग प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. शेवटी चहा. बाबांची प्रार्थना म्हणजे, "प्रभु, धन्यवाद. आमेन." आईची मराठीत, आणि ती कुणालाच कळायची नाही. मी बारा वर्षांची असताना एकदा आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बेटी, मम्मी क्या कहती हैं, हमें भी सुनाया करो. हम किस बात पर आमेन कहें, पता तो चले." तेव्हापासून आईने मराठीत प्रार्थना केली की मागून मी ती हिंदीत सांगायची, असं ठरलं.

सुरुवातीला मी अगदी शब्दाला शब्द सांगायचे. मग एका बुधवारी आई डोळे मिटून म्हणाली, "देवा, चार दिवस झाले माझं पोट साफ नाही. तेवढं बघ."

समोर दोन मोठे मुलगे बसले होते, आणि मी तेरा वर्षांची होते. मी म्हणाले, "प्रभु, मम्मी के स्वास्थ्य को अपने हाथों में ले ले."

सगळे म्हणाले, आमेन. इतकं सोपं होतं ते.

त्यानंतर मी थांबलेच नाही. आईने घरमालकिणीच्या तोंडाला आवर घाल, आणि माझ्याही, असं मागितलं की मी हिंदीत म्हणायचे, प्रभु, हमारे होंठों पर पहरा बैठा. आईने बाबांच्या टाचांच्या भेगांसाठी प्रार्थना केली की मी सगळ्या श्रम करणाऱ्यांसाठी करायचे. पाळकसाहेबांच्या उपदेशातले शब्द मी वहीत उतरवून ठेवायचे आणि बुधवारी वापरायचे. लोक चहाच्या वेळी डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "क्या प्रार्थना करती है बिटिया!" ती आईची प्रार्थना आहे हे बहुधा कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. माझ्याही राहत नव्हतं.

आमच्यात एक निवृत्त पोस्टमन अंकल होते. ते एकदा बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "एक बात बताओ बेटी. मम्मी एक मिनट बोलती हैं, तुम पाँच मिनट. मराठी इतनी छोटी भाषा है क्या?"

सगळे हसले. मीही हसले. ते मला कौतुकच वाटलं.

पुढे मी कॉलेजात गेले. आमच्या घरातली पहिलीच. बाबांनी माझं ओळखपत्र संस्थेतल्या त्या साहेबांना नेऊन दाखवलं. चर्चमध्ये मला शास्त्रपाठ वाचायला उभं करू लागले, तरुणांच्या संगतीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थना-गटात, बोलायला सांगू लागले. मी मनापासून करत होते, हे खरं आहे. ढोंग करते आहे असं मला कधीही वाटलं नाही. म्हणूनच माझं काय चुकतंय ते मला दिसलं नसावं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या नाताळात बेकरीतला प्रसंग घडला.

आमच्याकडे नाताळचा केक घरी भाजत नाहीत. मैदा, साखर, लोणी, अंडी, पेठा, संत्र्याची साल, मनुका, सगळं आपापलं घेऊन बेकरीत जायचं. तिथला कारागीर आपल्या डोळ्यांदेखत परातीत ते फेटतो, आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या डब्यांत ओततो आणि डबे भट्टीत सारतो. मग बाकावर बसून वाट बघायची. डिसेंबरात तिथे अर्धी मंडळी भेटते. आई चिठ्ठीवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने आपल्या दोन्ही डब्यांवर पाच-पाच बदामांचा क्रूस टोचला होता. "आता कुठेही जाऊ दे, ओळखते मी," ती म्हणाली.

डबे बाहेर आले तेव्हा बऱ्याच चिठ्ठ्या करपून गळाल्या होत्या. बदामाचा क्रूस असलेले दोन डबे आमच्या मंडळीतल्या एका बाईंनी उचलले. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. आम्ही मुलं त्यांना नर्सआंटी म्हणायचो. आई ताडकन उठली.

"ये मेरा है. मैंने क्रूस डाला था."

"बहनजी," नर्सआंटी म्हणाल्या, "क्रिसमस का केक है. क्रूस नहीं डालेंगे तो क्या हाथी डालेंगे?"

अख्खी बेकरी हसली. आईला भाव करताना कुणी हसलं तर चालतं, पण हे तिला लागलं. ती म्हणाली, आणि हे तिला हिंदीत अगदी नीट म्हणता आलं, "अस्पताल में भी ऐसे ही उठाती थीं क्या?"

हसणं थांबलं. नर्सआंटींचा चेहरा उतरला. त्यांनी डबे आमच्या बाकावर ठेवले. "ले जाइए. दोनों ले जाइए." आणि शाल ओढून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बेकरीतून बाबांना मिस्ड कॉल आला. बाबांनी फोन केला तेव्हा कळलं की आमचे डबे भट्टीशेजारच्या खालच्या कप्प्यात राहून गेले होते. दोन्हींवर पाच-पाच बदाम. बाबा नर्सआंटींचे केक सायकलवरून त्यांच्या घरी देऊन आले. त्यांनी दारातच घेतले, "शुक्रिया भाईसाहब" म्हणाल्या आणि दार लावलं.

आई दोन दिवस नीट जेवली नाही. मग म्हणाली, "चारचौघांत बोलले. आता माघारही चारचौघांतच घ्यायला हवी."

जानेवारीतल्या पहिल्या बुधवारी प्रार्थना महानगर नावाच्या वस्तीतल्या एका घरी होती. नर्सआंटी खिडकीजवळ बसल्या होत्या. त्या दिवशी तेलीबाग भागातून तरुणांच्या संगतीचे काही जण आले होते. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे मला बोलायला बोलावणार होते. आईने सोबत करंज्यांचा डबा आणला होता. तिची पाळी आली. तिने हात जोडले आणि म्हणाली:

"देवा, मी बेकरीत ह्या बाईंना चोर म्हटलं. त्या चोर नव्हत्या, माझी जीभ सैल होती. त्यांच्या नोकरीवर बोलले, ते तर फारच वाईट. ह्या सगळ्यांसमोर मी त्यांची माफी मागते. त्यांनी दिली तर बरं. नाही दिली तरी तू त्यांना सुखात ठेव. आमेन."

मग सगळे माझी वाट बघू लागले. मला तेलीबागचे ते चेहरे दिसत होते. माझी आई, केकवरून भांडलेली, कुणाला चोर म्हणालेली. माझ्या तोंडून आलं, "हे पिता, यदि जाने-अनजाने हमसे कोई भूल हुई हो तो हमें क्षमा कर. हमारे बीच प्रेम बनाए रख." आणखी बरंच काही म्हणाले. ते सुंदर झालं होतं. एक मुलगी डोळे पुसत होती.

नर्सआंटी आमेन म्हणाल्या, चहा न घेता उठल्या, पर्स घेतली. आई डबा हातात धरून दाराशी उभी होती. त्या तिच्या बाजूने निघून गेल्या.

टेंपोत बसल्यावर मला वाटलं, बरं झालं, आईची अब्रू राखली.

फेब्रुवारीत पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, होता. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. आपल्या रांगेची पाळी आली की उठून पुढे जायचं आणि वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकायचे. आई उठली नाही. म्हणाली, गुडघे दुखतात. मार्चमध्येही तेच. ईस्टरलाही ती बाकावरच बसून राहिली, आणि तेव्हा मला काळजी वाटू लागली. बाबा काही विचारायचे नाहीत. ते एकटे पुढे जाऊन यायचे आणि परत येऊन आईच्या थोडं अधिक जवळ बसायचे.

मी काय केलं ते लिहिते. मी तरुणांच्या संगतीत उभी राहिले आणि म्हणाले, "मेरी मम्मी के लिए प्रार्थना कीजिए. वे प्रभु की मेज़ से दूर हो गई हैं." मुलींनी माझे हात धरले. मी आईसाठी तीन शुक्रवार उपवास केले आणि केल्याचं दोघींना सांगितलंही. घरी आईकडे बघताना मनात एक मऊ दया दाटून यायची. तिचा विश्वास थंडावलाय, पण माझ्यामुळे ती परत येईल, असं काहीसं. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मी ते सगळं डोळे मिटून, मनापासून मागत होते.

नोव्हेंबरात कॉलेजमध्ये एक छोटी गोष्ट झाली. वर्गात बाईंनी विचारलं की हाताने काम करणाऱ्या माणसाला आपलं काम कला वाटते का. मी सहसा बोलत नाही. पण हात वर केला. मला सांगायचं होतं की माझे वडील माळी आहेत, आणि कलम बांधताना ते रोपाशी बोलतात. इतकी वर्षं इथे राहूनही रोपांशी मराठीतच बोलतात. मी, "मैम, मेरे पिताजी माली हैं, वे पौधों से..." एवढं म्हणून अडखळले. शेजारची मैत्रीण चांगल्या शाळेतली. तिने मला सावरायला म्हणून पटकन म्हटलं, "मैम, इसका मतलब है कि श्रमिक वर्ग में भी प्रकृति के प्रति गहरी संवेदना होती है." बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बहुत अच्छा." मी खाली बसले. मैत्रिणीचा राग यावा असं तिने काही केलं नव्हतं. पण बाबा आणि त्यांचं रोप त्या वाक्यात कुठेच नव्हते.

घरी आले तेव्हा आई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसली होती. मी तिला सांगितलं.

"मग तू मध्येच म्हणायचं ना, बाई, हे माझं नव्हे," आई म्हणाली.

"ऐसे कैसे बोल दूँ? ती मदतच करत होती."

"मदत करत होती, पण बोलणं तुझं होतं ना?" तिने एक कोवळा दाणा तोंडात टाकला. "सोल आता थोडे. नुसती बसू नकोस."

मी सोलू लागले. मला वाटलं, हीच वेळ आहे, आईशी आत्मिक बोलायची. आवाज मऊ करून मी विचारलं, "आई, एक विचारू? तू प्रभुभोजन का घेत नाहीस? गुडघे नको सांगूस. कालच तू पाण्याची बादली घेऊन तीन जिने चढलीस."

आईने पुढची शेंग घेतली. शेंगेचा कडक दोरा तिने ओढून काढला.

"कशी घेऊ? मनात कुणाचं बाकी असलं तर आधी ते मिटवावं, मग पुढे जावं. लहानपणापासून हेच शिकलो ना आपण? मी मिटवायला गेले. जानेवारीत सगळ्यांसमोर माफी मागितली. तूच सांगितलंस की हिंदीत, चांगलं लांबलचक. त्या बाईंनी ऐकलं, आमेनही म्हटलं. आणि माझ्यासमोरून निघून गेल्या."

"मग परत एकदा..."

"नाही. माफी एकदाच मागायची असते. दुसऱ्यांदा मागितली की तो तगादा होतो. त्यांचं मन नाही झालं. चूक माझीच होती, त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे." मग म्हणाली, "देव काय म्हणत असेल ते मला कळत नाही. मी बसून राहते. बसायला तर त्याची मनाई नसेल."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ऊन छान होतं, खाली भैया मुळा-पालक ओरडत होता, आणि मी दहा महिन्यांमागचं माझं ते सुंदर वाक्य मनात पुन्हा म्हणून बघत होते. त्यात बेकरी नव्हती. चोर हा शब्द नव्हता. नर्सआंटी नव्हत्या. आईने मागितलेली माफी मी आमच्या खोलीतून महानगरपर्यंत नेऊन कुणालाही दिलीच नव्हती.

मी उरलेल्या शेंगा सोलल्या. लगेच सांगितलं असतं तर ही गोष्ट आणखी बरी झाली असती. मी चार दिवस गप्प राहिले. तीन दिवस तर स्वतःलाच समजावत होते की आईला माझी हिंदी नीट कळली नाही, अर्थ तोच होता, देवाला कळलं म्हणजे झालं.

पुढचा रविवार तरुणांचा खास रविवार होता, म्हणून त्या महिन्यात प्रभुभोजन दुसऱ्या रविवारीही ठेवलं होतं. आमच्या रांगेची पाळी आली. बाबा उठले. मी उठले नाही. आईने चमकून माझ्याकडे बघितलं. "काय गं? बरं नाही?"

मी मान हलवली आणि डोळे मिटले. आधी नेहमीचे शब्द आले, हे स्वर्गीय पिता, हम तेरे सम्मुख. ते पुढे जाईनात. किती वर्षांत मी एकटीने, कुणी ऐकत नसताना, काही मागितलं होतं ते आठवेना. मग शेवटी आईसारखंच आलं. देवा, मी खोटं सांगितलं. आई माझ्यामुळे बसून आहे. मला लाज वाटते. आता काय करू ते बघ.

बस, एवढंच. काही चमकलं नाही. पण आता सांगायचंच आहे हे कळलं.

परतताना टेंपोत आई आणि मी मागच्या बाकावर होतो, बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी. विक्रम टेंपोच्या आवाजात मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू जात नाही, म्हणून मला हे सगळं ओरडूनच सांगावं लागलं.

"आई, जानेवारीत मी ते सांगितलंच नाही."

"काय नाही सांगितलं?"

"माफीचं. बेकरीचं. मी हिंदीत दुसरंच काहीतरी म्हणाले. नर्सआंटींना तू माफी मागितलीस हे माहीतच नाही."

आई माझ्याकडे वळली. मी वाट बघत होते, ती चिडेल, रडेल. ती म्हणाली, "म्हणजे... तिनं नाही म्हटलंच नव्हतं?"

"नाही."

"तिला कळलंच नव्हतं?"

"नाही, आई."

"अगं बाई!" आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. समोरच्या सीटवरची बाई बघायला लागली. "अहो," आईने पुढे बाबांना हाक मारली, "अहो, ऐकलं का? तिनं नाही म्हटलेलंच नाही!"

बाबांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी मान हलवली.

घराच्या कोपऱ्यावर उतरल्यावर मात्र तिने विचारलं, "पण असं का केलंस गं?"

"मला लाज वाटली."

"माझी?"

मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "हो."

तिने चालता चालता पदर नीट केला. "लागलं मला," ती म्हणाली. "पण बरं झालं सांगितलंस. दहा महिने मला वाटत होतं, त्या बाईंनी दार लावलं आणि आतून देवानंही लावलं." मग दोन घरं पुढे गेल्यावर म्हणाली, "आणि पोटाचं? तेही नव्हतं सांगितलंस?"

"तुला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. आत्ता कळलं."

त्या बुधवारी प्रार्थना पोस्टमन अंकलकडे होती. नर्सआंटी आल्या होत्या. मी सुरुवातीलाच उभी राहिले, कारण उशीर केला असता तर माझा धीर गेला असता. म्हणाले, मम्मी जनवरी में कुछ बोली थीं, मैंने आप लोगों को नहीं बताया था, आज वे फिर से बोलेंगी. आईने डोळे मिटले आणि तीच प्रार्थना पुन्हा केली. आणि मी एकेक वाक्य जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. चोर म्हटलं म्हणजे चोर कहा. जीभ सैल होती याला मला नीट शब्द सापडला नाही, तर मी थांबले, विचार केला आणि म्हणाले, मेरी ज़बान मेरे बस में नहीं थी. माझी हिंदी इतकी साधी त्या खोलीत कुणी कधी ऐकली नसेल.

आमेन कुणीच म्हटलं नाही. सगळे नर्सआंटींकडे बघत होते.

नर्सआंटींनी चष्मा काढला. "ये जनवरी में बोला था?"

"जी आंटी. मैंने बदल दिया था."

"तुमने?" त्या माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. "यानी मैं इतने महीने से तुम्हारी मम्मी को घमंडी समझ रही हूँ, और तुम्हारी प्रार्थना पर हर बुधवार आमेन कर रही हूँ?"

आधी पोस्टमन अंकलना हसू फुटलं. "अब समझ में आया मराठी इतनी छोटी क्यों थी!" आणि मग सगळी खोली हसली. मी रडत होते, पण मलाही हसू आलं.

नर्सआंटी उठल्या. "बहनजी, इधर आइए." त्यांनी आईला मिठी मारली. "हाथी मैंने भी तो बीच में डाला था. सबके सामने. वो मेरी गलती थी."

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "त्या म्हणतात, हत्तीचं त्यांचंही चुकलं." खरं तर एवढं तिला कळलं होतं. पण तिला माझ्या तोंडून ऐकायचं असावं.

चहाच्या वेळी मी बाकीचंही सांगितलं. एकदाच नव्हे, वर्षानुवर्षं. टाचांच्या भेगा, घरमालकीण, आणि ते पोटाचंही. नर्सआंटींनी कपाळावर हात मारला. "चार दिन? अरे मुझे बता देतीं, मैं ईसबगोल दे देती!" आणि आईकडे वळून, "अब कैसा है पेट?"

ते ऐकून मी हसायची थांबले. आई इतकी वर्षं साध्यासुध्या गोष्टी मागत होती, त्यातल्या काही त्याच खोलीत, दोन खुर्च्यांपलीकडे मिळण्यासारख्या होत्या. देवाने माणसं बसवून ठेवली होती. मध्ये मी होते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या रांगेची पाळी आली तेव्हा आई सगळ्यांत आधी उठली. कठड्यापाशी गुडघे टेकताना ती हळूच "आई गं" म्हणाली. म्हणजे गुडघे थोडे दुखत होतेच. ते काही अगदीच खोटं नव्हतं. तिच्या एका बाजूला बाबा होते, दुसऱ्या बाजूला मी. पलीकडे नर्सआंटी. आई परत येऊन बसली आणि मोठा श्वास सोडला, तसा ती सामानाची जड पिशवी खाली ठेवल्यावर सोडते.

तरुणांच्या संगतीतही मी सांगितलं. तिथे कुणी हसलं नाही, ते जरा अवघड गेलं. ज्या मुलीने त्या दिवशी डोळे पुसले होते, तिने विचारलं, "तो वो प्रार्थना किसकी थी?" मी म्हणाले, मेरी भी नहीं थी, शायद. पुढे बरेच महिने मी तिथे फक्त ऐकायला बसले.

बुधवारी अजून मीच सांगते. आता अडले की मध्येच थांबून विचारते, आई, हे कसं म्हणायचंय तुला? आई डोळे न उघडता सांगते. पोस्टमन अंकल घड्याळ बघून म्हणतात, "आज बराबर रहा. एक मिनट, एक मिनट."

त्या वर्षी केक भाजायला आई आणि नर्सआंटी बेकरीत एकाच बाकावर बसल्या. दोघींनी आपापल्या डब्यांवर बदामाचा क्रूस टोचला. दोघींनाही दुसरं काही सुचलं नाही. चिठ्ठ्या पुन्हा करपल्या. चार डबे फळीवर आले, चारी सारखे. आईने ते वाकून बघितले, मग जवळचे दोन पिशवीत घातले.

"ते आपलेच आहेत का?" मी विचारलं.

"काय माहीत," आई म्हणाली. "चल, गरम आहेत तोवर घरी नेऊ."